तीळ, तज्ज्ञ आणि तारीख

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने विसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या नागरिकांना एक शब्द दिला होता. कुटुंबाच्या डॉक्टरला कर्करोगाचा संशय आला आणि त्याने तातडीची चिठ्ठी लिहिली, की दोन आठवड्यांच्या आत तज्ज्ञाने त्या रोग्याला पाहिलेच पाहिजे, असा तो शब्द. स्तनाच्या कर्करोगापुरता हा नियम १९९९ साली सुरू झाला आणि पुढील वर्षाच्या अखेरीस सर्व कर्करोगांना लागू झाला. ज्यांच्या पाठीवरचा तीळ एकाएकी काळवंडला, पसरला किंवा वाहू लागला, अशा लोकांना या नियमाचा मोठा आधार वाटे. चौदा दिवस ही मुदत बोटांवर मोजण्यासारखी होती. ती घरातल्या दिनदर्शिकेवर खूण करून ठेवता येत असे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडने हा नियम काढून टाकला. वरकरणी पाहता सरकारने दिलेला शब्द फिरवला असेच कोणीही म्हणेल, आणि तसे म्हणणारे पुष्कळ निघालेही. परंतु त्या नियमाकडे जरा बारकाईने पाहिले तर निराळीच गोष्ट दिसते. चौदा दिवसांत काय घडले पाहिजे होते? तज्ज्ञाची पहिली भेट, एवढेच. भेट झाली की दप्तरात नियम पाळला गेल्याची नोंद होई. त्यानंतर तीळ केव्हा कापून काढावयाचा, तो प्रयोगशाळेत केव्हा तपासला जावयाचा आणि रोग्याच्या हाती निकाल केव्हा पडावयाचा, याविषयी तो नियम मौन बाळगून होता. रोग्याच्या दृष्टीने भेट म्हणजे काही उत्तर नव्हे. म्हणून आता दुसरे माप धरले आहे: चिठ्ठी गेल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आत रोग्याला ‘कर्करोग आहे’ किंवा ‘नाही’ हे स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. जुन्या नियमाचा आणखीही एक जाच होता. त्याला प्रत्यक्ष भेट हवी असे. तिळाचे भिंगातून घेतलेले छायाचित्र तज्ज्ञाकडे पाठवून निर्धोक तीळ आधीच वेगळे काढण्याची सोय झाली होती, तिला हा नियम अडसरच ठरत होता.

थांबण्याचे दिवस मोजावयाचे तर आधी रोगाचा स्वभाव ठाऊक हवा. त्वचेचे कर्करोग मुख्यतः तीन जातींचे. बेसल सेल हा सर्वांत अधिक आढळणारा आणि सर्वांत मंद. तो जागच्या जागी कुरतडत राहतो, पण शरीरात अन्यत्र जातो असे क्वचितच घडते. म्हणून इंग्लंडमध्ये त्याला तातडीच्या रांगेत सहसा घेतही नाहीत. डोळ्याजवळ किंवा नाकाजवळ असेल तर गोष्ट वेगळी. स्क्वॅमस सेल हा त्याहून चपळ. तिसरा मेलॅनोमा, आणि खरी भीती याची. ब्रिटनमध्ये दर वर्षी हजारो नवे रोगी याचे असतात. अलेक्झांडर ब्रेस्लो या विकृतिशास्त्रज्ञाने १९७० साली दाखवून दिले, की मेलॅनोमाचे भवितव्य त्याच्या पसाऱ्यापेक्षा त्याच्या जाडीवर अवलंबून असते. ही जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. एक मिलिमीटरच्या आतला मेलॅनोमा कापून काढला की प्रश्न बहुधा तेथेच मिटतो. पहिल्या अवस्थेत सापडलेले जवळजवळ सर्व रोगी पाच वर्षांनंतर हयात असतात. चार मिलिमीटर झाली की चित्र पार पालटते. तिळाची रुंदी डोळ्याला दिसते. ही जाडी मात्र दिसत नाही. ती कळते तीळ कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. सपाट पसरणारा मेलॅनोमा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. त्याच्या बाबतीत आठवडाभराच्या विलंबाने सहसा आकाश कोसळत नाही. पण गाठीच्या रूपाने वर येणारा प्रकार काही आठवड्यांतच जाड होतो, आणि गंमत अशी की तो वाकडातिकडा किंवा रंगीबेरंगी असेलच असे नाही. गोल, टणक, एकरंगी असा तो साध्या फोडासारखा भासतो. दोघांना एकाच घड्याळाने मोजणे म्हणूनच तितकेसे बरोबर नाही.

इंग्लंडच्या कुटुंब-डॉक्टरने चिठ्ठी कोणाला द्यावी याची एक गुणपत्रिका ठरलेली आहे. आकार बदलला, कडा वेडीवाकडी झाली, रंग एकसारखा राहिला नाही, या तीन लक्षणांना प्रत्येकी दोन गुण. तीळ सात मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असणे, त्याभोवती दाह, त्यातून स्राव, त्या जागी खाज किंवा वेगळी संवेदना, यांना प्रत्येकी एक. तीन गुण भरले की तातडीची चिठ्ठी. मेलॅनोमाचा संशय असलेला तीळ या डॉक्टरने स्वतः कापावयाचा नाही, असाही दंडक आहे. ऑस्ट्रेलियात, जेथे हा रोग घरोघरी परिचित आहे, तेथे साधा कुटुंब-डॉक्टरही भिंग लावून तीळ पाहतो आणि पुष्कळदा तोच कापून तपासणीला पाठवतो. साहजिकच तेथील रांगेची सुरुवातच निराळ्या ठिकाणी होते. इंग्लंडच्या दंडकामागेही कारण आहे: अर्धवट कापलेला मेलॅनोमा मोजता येत नाही आणि मग पुढील सर्व हिशेब चुकतो. पण या दंडकामुळे देशभरातील एकूण एक संशयित तीळ मोजक्या त्वचारोगतज्ज्ञांच्या दाराशी येऊन उभा राहतो. त्यातही तज्ज्ञांच्या कित्येक जागा रिकाम्या. उन्हाळा आला, लोकांनी अंगावरचे कपडे उतरवले आणि वर्तमानपत्रांत उन्हाच्या धोक्याचे लेख आले, की चिठ्ठ्यांचा पूर लोटतो. त्यातले बहुसंख्य तीळ अगदी निरुपद्रवी निघतात. सोरायसिसने किंवा इसबाने रात्र-रात्र न झोपणारा रोगी मात्र तातडीच्या रांगेत बसत नाही. त्याच्यासाठी अठरा आठवड्यांत उपचार सुरू करण्याचा वेगळा नियम आहे, आणि २०१६ च्या आरंभानंतर तो नियम वर्षानुवर्षे पाळला गेलेला नाही. तिळाच्या भीतीची किंमत अशा रीतीने दुसराच कोणी तरी मोजत असतो.

मग खाजगी दार आहेच. १९४८ साली अन्यूरिन बेव्हन यांनी राष्ट्रीय आरोग्यसेवा उभारली तेव्हा रुग्णालयांतील तज्ज्ञ तीत यावेत म्हणून त्यांना खाजगी व्यवसायाची मुभा ठेवावी लागली. ती तडजोड अद्याप टिकून आहे. याचा अर्थ असा, की सरकारी रुग्णालयात मंगळवारी सकाळी जो तज्ज्ञ भेटावयाचा, तोच पुष्कळदा गुरुवारी सायंकाळी खाजगी दवाखान्यात भेटतो. पहिल्या भेटीचे साधारणतः दोनशे ते तीनशे पौंड; कापण्याचे आणि प्रयोगशाळेचे निराळे. विम्याची कंपनी पैसे देणार असेल तर बहुधा कुटुंब-डॉक्टरची चिठ्ठी तेथेही लागते. या पैशातून काय विकत मिळते? पहिली भेट चार-सहा दिवसांत मिळते, आणि बहुधा त्याच बैठकीत तीळ कापलाही जातो. ज्याला मृत्यूची भीती वाटत आहे त्याला ही सोय क्षुल्लक वाटणार नाही, आणि पदरी पैसे असताना त्याने ती घेतली म्हणून त्याला नावे ठेवण्याचेही कारण नाही.

परंतु कापलेला तुकडा काही पैशाने धावत नाही. तो फॉर्मॅलिनमध्ये भिजावा लागतो, मेणात बसवावा लागतो, त्याचे केसाहून पातळ काप काढून रंगवावे लागतात आणि मग विकृतिशास्त्रज्ञ त्यावर डोळा ठेवतो. निदान अवघड असेल तर दुसऱ्या विकृतिशास्त्रज्ञाचे मत घ्यावे लागते. त्यांचीही देशात वाण आहे. रॉयल कॉलेज ऑफ पॅथॉलॉजिस्ट्सने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुरेसे मनुष्यबळ आहे असे सांगणारे विभाग शंभरात अवघे तीन निघाले. शिवाय अहवालात खरोखरच मेलॅनोमा निघाला तर पुढचा निर्णय अनेक तज्ज्ञांच्या संयुक्त बैठकीत होतो, आणि भोवतालची त्वचा रुंद कापणे, लसीकाग्रंथी तपासणे, महागडी औषधे देणे या सर्वांसाठी पुष्कळसे रोगी पुन्हा सरकारी सेवेकडेच वळतात. तसे वळण्याचा हक्क त्यांना आहे. नियम असा, की खाजगीतून आलेल्याला रांगेत पुढची जागा द्यावयाची नाही आणि शिक्षा म्हणून मागेही ढकलावयाचे नाही. म्हणजे पैसे देऊन मिळतो तो आरंभीचा पंधरवडा. उरलेली वाट दोघांची बव्हंशी एकच.

याहूनही फसवी गोष्ट म्हणजे बाजारपेठेतील तीळ-तपासणी. दुकानात जाऊन पैसे भरावयाचे, तेथील परिचारिका भिंगाने छायाचित्र काढते, ते दूरच्या तज्ज्ञाकडे जाते आणि काही दिवसांत पत्र येते. तीळ निर्दोष असला तर मन शांत होते. संशयास्पद असला तर पत्रात एवढेच लिहिलेले असते की आपल्या कुटुंब-डॉक्टरला भेटा. तेथून चिठ्ठी, आणि मग अठ्ठावीस दिवसांचा पहिला दिवस. पैसेही गेले आणि रांगेत उभे राहणे आठवड्याने लांबले.

सरकारी बाजूचा खरा दुबळेपणा मधल्या टप्प्यात आहे. चिठ्ठीपासून उपचार सुरू होईपर्यंत बासष्ट दिवस, आणि शंभरातील पंच्याऐंशी रोग्यांच्या बाबतीत तरी ते पाळले जावेत, असे माप आहे. सर्व कर्करोग एकत्र धरले तर डिसेंबर २०१५ नंतर अनेक वर्षे ते गाठता आले नाही. त्वचेचा विभाग त्यातल्या त्यात बरा, कारण पुष्कळदा तीळ कापणे हीच तपासणी आणि हाच उपचार असतो. तेव्हा नवा पैसा खर्चावयाचा तर तो पहिल्या भेटींची संख्या फुगवण्यात न घालता छायाचित्रावरून निवड करणाऱ्या तज्ज्ञांवर, तीळ कापणाऱ्या शिकलेल्या परिचारिकांवर आणि विशेषतः प्रयोगशाळांवर घालणे शहाणपणाचे ठरेल.

घड्याळ केव्हा सुरू करावयाचे, हाही वादाचाच विषय. इंग्लंडमध्ये ते चिठ्ठीपासून चालू होते. वेल्सने २०१९ पासून ते संशय आल्या क्षणापासून मोजावयास घेतले, आणि हे अधिक प्रामाणिक आहे. पण संशय यावयाचा कोणाला व कशावरून? वर सांगितलेली गुणपत्रिका गोऱ्या कातडीवरच्या तिळांकडे पाहून तयार झालेली. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. त्या देशात मराठी कुटुंबांच्या पिढ्या गेल्या आणि त्या आरोग्यसेवेत अनेक मराठी डॉक्टरांनी आयुष्य वेचले. या सावळ्या लोकांत मेलॅनोमा दुर्मिळ आहे, हे खरे. मात्र जेव्हा होतो तेव्हा तो बहुधा उन्हाने भाजणाऱ्या जागी होत नाही; तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. तेथे त्याला भोवरी समजतात, चामखीळ समजतात, ठेच लागून साकळलेले रक्त समजतात. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्यात १९७७ साली हाच रोग सापडला. तो फुटबॉल खेळताना झालेल्या दुखापतीवर जमा धरला गेला होता. १९८१ साली वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो गेला.

सावळ्या त्वचेचे कर्करोग निराळ्या जागा शोधतात, हे आपल्याकडे फार पूर्वी नोंदले गेले आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली सहकाऱ्यासह लिहिलेल्या निबंधात धोतराच्या करकचून बांधलेल्या काचामुळे कमरेवर होणारा कर्करोग वर्णन केला. काश्मिरात पोटाशी धरलेल्या कांगडीच्या धगीने होणारा तर त्याच्याही आधीपासून वैद्यांना ठाऊक होता. या दोहोंचा उन्हाशी काही संबंध नव्हता.

तेव्हा ब्रिटनमधील मराठी माणसाने, आणि त्याच्या कुटुंब-डॉक्टरनेही, वर्षातून एकदा तळपाय उजेडात धरून पाहावेत. एकाच नखात उमटलेली आणि रुंदावत चाललेली काळी रेघ तातडीची चिठ्ठी देण्याजोगी असते. त्या रेघेचा रंग नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर उतरला असेल तर ती बुरशी समजून महिनोन्‌महिने मलम चोळीत बसू नये. ही खूण प्रथम टिपली ती लंडनच्याच जॉनथन हचिन्सन या शल्यवैद्याने, एकोणिसाव्या शतकात, आणि ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते.