गिटारची दांडी आणि आपला हात



गिटार घ्यायला गेलेला माणूस रंग पाहतो, किंमत विचारतो, आवाज ऐकतो. दांडीच्या पाठीवरून हात फिरवून पाहणारा मात्र विरळा. पुढे हात दुखू लागला की दोष वाद्याला न देता तो स्वतःच्या हातालाच देतो. न्हावा-शेवा बंदरात काम करणाऱ्या एका तरुणाने मला विचारले, "सर, माझे हात राकट. अंगठ्याच्या बुडाशी कळ येते. सोडून देऊ का?" दिवसभर कष्ट करून रात्री तासभर विजेची गिटार वाजवणाऱ्याने ती सोडावी, ही काही लहान गोष्ट नव्हे. तेव्हा आधी दांडी तपासू या.

वल्हे मारणाऱ्या कोळीबांधवांना हे नवे नाही. मूठ फार जाड असली तर पकड बसत नाही. फार बारीक असली तर ती हातात फिरते, म्हणून आवळून धरावी लागते, आणि त्या आवळण्यानेच हात भरून येतो. गिटारचे तसेच आहे. पातळ दांडी म्हणजे आराम, असा एक समज आहे. पातळ दांडीवर बोटे चपळ पळतात, हे खरे. पण तळहाताला टेकू मिळत नाही, मग पुष्कळजण अंगठ्याची आणि बोटांची चिमटी करतात, आणि भार सगळा अंगठ्यावर येतो. भरीव दांडी हातात छान बसते. मात्र आखूड बोटांना पलीकडची जाड तार गाठताना ओढ बसते.

आता दांडी आडवी कापली आहे अशी कल्पना करा. पाठीचा आकार कुठे इंग्रजी 'सी' अक्षरासारखा गोल, कुठे 'डी'सारखा चपटा, कुठे 'यू'सारखा भरलेल्या खांद्यांचा, तर कुठे 'व्ही'सारखा निमुळता असतो. अंगठा वरून वळवून धरणाऱ्याला 'व्ही' मानवतो. अंगठा पाठीशी टेकवणाऱ्याला त्याची धार खुपते. एकाच नावाच्या वाद्यातही फरक पडतो. गिब्सन कंपनीची लेस पॉल गिटार १९५२ साली आली. तिची १९५९ची दांडी जाड, तर १९६०च्या ओघात ती बरीच पातळ झाली. तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नये.

पुढची बाजूही पाहावी. जुन्या फेंडर गिटारींची पट्टी सव्वासात इंच त्रिज्येच्या गोलाईची असे. अशा पट्टीवर स्वरसंघ धरायला सुख वाटते, पण वरच्या पडद्यांवर तार बाजूला ओढली की ती पुढच्या पडद्याला लागून स्वर दबतो. गिब्सनची गोलाई बारा इंचांची, म्हणजे पट्टी अधिक सपाट. तिथे ओढ निभावते. आमचे सतारिये हसतील! मिरजेच्या सतारीला २०२४ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, त्या सतारीचे पडदे उंच आणि कमानदार असतात, ते मींड घेण्यासाठीच. पण सतारीत डावा हात दांडीवर बहुधा सरकत राहतो. गिटारीत मूठ आवळून स्वरसंघ धरावे लागतात, म्हणून इथे जाडी अधिक जाणवते.

खाडीकाठच्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. दमट हवेत चकचकीत रोगणाची दांडी घामाने चिकट होते. मंद रोगणाची बरी. पावसाळ्यात लाकूड हालते, दांडीचा बाक बदलतो, तारा पट्टीपासून उचलतात आणि बोट जोरात दाबावे लागते. अशा वेळी आकाराला दोष देण्यात अर्थ नाही. बहुतेक विजेच्या गिटारींच्या दांडीत लोखंडी सळई असते. जाणत्या कारागिराकडून ती थोडी फिरवून घ्यावी, म्हणजे निम्मे दुखणे तिथेच संपण्याचा संभव असतो.

दुकानात उभ्याने दोन सूर छेडून निर्णय करू नका. बसून पंधरा मिनिटे वाजवा. पहिल्या पडद्यावर सगळ्या तारा एका बोटाने दाबा, मग सातव्यावर. अंगठा आपोआप कुठे जातो ते पाहा. बोटांना मुंग्या येत असतील, तर मात्र वाद्य बदलत बसू नका. वाजवणे थांबवा आणि डॉक्टरांना हात दाखवा.