रेडिमेड ट्यून की कस्टम? सोलापूरच्या उन्हातलं टर्बोचं गणित

आज थेट मुद्द्याला हात घालू. सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय घेतलेल्या पोरांचा प्रश्न ठरलेला असतो: ट्यून करायचीय, रेडिमेड फाइल टाकू की कस्टम करून घेऊ?

आधी ट्यून म्हणजे काय ते बघू. टर्बोने किती हवा दाबायची, किती पेट्रोल सोडायचं, स्पार्क नेमका कधी द्यायचा, हे सगळं ईसीयू ठरवतो. त्यात आकड्यांचे तक्ते असतात, त्यांना मॅप म्हणतात. ट्यूनर हे आकडे बदलतो. एक नटही न बदलता पिकअप वाढतो, कारण कंपनीने थोडी जागा राखून ठेवलेली असते. पण ती जागा उगाच नसते हं. खराब पेट्रोल, रणरणतं ऊन, घाट आणि सर्व्हिसिंगला टाळाटाळ करणारा मालक, या सगळ्यांसाठी ती असते.

रेडिमेड ट्यून म्हणजे दुकानातला तयार शर्ट. तुमच्यासारख्याच एखाद्या गाडीवर तपासलेली फाइल. काम लवकर होतं, पैसे कमी लागतात. आणि सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतो, जी फाइल खूप गाड्यांवर चाललीय तिचे बग बहुतेक आधीच कुणालातरी सापडलेले असतात. कस्टम म्हणजे माप घेऊन शिवणं: गाडी डायनोवर चढवायची, लॉग घ्यायचा, आकडे बदलायचे, परत लॉग. इथे सगळं शिंप्याच्या हातावर.

आता आपलं सोलापूर. मे महिन्यात पारा ४३ च्या आसपास जातो. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४३ अंशांची हवा साधारण ९ टक्के विरळ असते. तेवढीच हवा भरायला टर्बोला जास्त राबावं लागतं, हवा आणखी तापते, इंटरकूलर दमतो आणि नॉकिंगचा धोका वाढतो. म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण ज्योत पोहोचायच्या आधीच आपोआप पेटतं. ते टाळायला ईसीयू स्पार्क उशिरा देतो. मग पैसे मोजून घेतलेली ताकद पुणे हायवेवर भर दुपारी गायब!

दुसरी गोष्ट इथेनॉल. आपल्या जिल्ह्यात ऊस आणि कारखाने किती, ते वेगळं सांगायला नको. एक किलो पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. इथेनॉल नॉकिंगला चांगलं आवर घालतं, पण तेवढ्याच हवेला इंधन जास्त सोडावं लागतं. म्हणून विचारा: ही फाइल कोणत्या पेट्रोलवर तपासली? ई२० वर तपासलीय का?

तिसरी गोष्ट गिअरबॉक्स. जीटी टीएसआयचा टॉर्क १७५ न्यूटन मीटर, तिच्या डीएसजीची मर्यादा २५०. कागदावर जागा आहे. पण क्लच कोरडा आहे, सात रस्त्याच्या गर्दीत तो तापतो. तेव्हा ट्यूनरने टॉर्क कुठपर्यंत नेलाय, हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

माझं मत? गाडीत काहीच बदललं नसेल, तर नावाजलेल्या ट्यूनरची सौम्य स्टेज वन रेडिमेड फाइल पुरे. आधी प्लग, कॉइल आणि बूस्ट लीक तपासा. मूळ फाइलचा बॅकअप घ्या. मग उन्हाळ्यातल्या दुपारी डायनोवर लागोपाठ तीन-चार रन करून लॉग काढा. आत येणाऱ्या हवेचं तापमान, प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग, मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट बघा. दर रनला टायमिंग आणखी मागे जात असेल, तर ती फाइल आपल्या हवेला झेपत नाही. अशा वेळी कस्टम करा, नाहीतर मूळ फाइलवर परत या.

टर्बो किंवा डाउनपाइप बदलला असेल तर विषयच संपला, कस्टमच. फक्त रेडिमेड फाइलमधले दोन आकडे बदलून ‘कस्टम’ म्हणून विकणाऱ्यांपासून सावध राहा. लॉग किती वेळा घेणार आणि मला देणार का, एवढंच विचारा. उत्तर गोलगोल आलं, की चावी खिशात टाका आणि निघा.

वॉरंटी असेल तर तिच्यावर पाणी सोडायची तयारी ठेवा, आणि इन्शुरन्स कंपनीला बदल कळवा. लपवलेली गोष्ट क्लेमच्या वेळी अंगाशी येते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलात बदल करण्यावर बंधनं घालतं, तेही वाचून घ्या.

आणि खिशात एकाच गोष्टीपुरते पैसे असतील, तर आधी टायर आणि ब्रेक. वाढलेला वेग थांबवायचाही असतो. तुमच्या गाडीचे लॉग असतील तर पाठवा, पुढच्या भागात मिळून वाचू. चला, भेटू!