गोठ्यातील अदृश्य राखण



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय दिला तो 'प्राण्यांच्या शरीरातील रोगप्रतिकारक पेशी व ऊती' असा. एवढे भारदस्त नाव फलकावर वाचून निम्मे श्रोते घरीच राहतील अशी मला धास्ती होती. आपण आलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. आता हा विषय मी पुस्तकातून काढून आपल्या जिल्ह्याच्या गोठ्यात नेऊन बांधणार आहे. तो मुळात तिथलाच आहे.

2022 सालचा पावसाळा आपल्यापैकी कोणी विसरला नसेल. त्या ऑगस्टमध्ये शेजारच्या जळगाव जिल्ह्यात लम्पी चर्मरोग दिसला आणि पाहता पाहता तो आपल्या बुलढाणे जिल्ह्यात शिरला. मलकापूर, मोताळ्याची शीव खानदेशाला लागून. आणि माशा, डास व गोचीड यांना शीव ठाऊक नसते. जनावराला सणकून ताप यावा, अंगभर गाठी उठाव्यात, पाय सुजावेत, आणि वैरणीकडे त्याने पाहूही नये, असे ते दिवस होते. गुरांचे बाजार बंद झाले. कित्येक घरांची कमावती बैलजोडी फुटली, ती पुन्हा जुळली नाही.

त्या दिवसांत ज्यांनी जनावराच्या अंगावरून हात फिरवला, त्यांना आणखी एक गोष्ट आढळली असेल. कातडीवरील गाठींखेरीज खांद्याच्या पुढे आणि मागच्या मांडीच्या पुढे आत खोलवर एकेक मोठी गाठ टरारलेली असे. पुष्कळांनी तीही रोगाचीच समजली. वस्तुतः ती गाठ प्रत्येक जनावराला जन्मापासून असते. तिला लसीका ग्रंथी म्हणतात. शत्रू आला की तिथे सैन्याची भरती सुरू होते, म्हणून ती फुगते. आपल्या बोटांना लागत होती ती छावणी होती!

हे सैन्य कोणते? रक्तातील पांढऱ्या पेशींचे. त्यांचे काम प्रथम डोळ्यांनी पाहिले ते मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने, 1882 साली, सिसिली बेटावरील मेसिना गावी. समुद्रातील तारामाशाच्या पारदर्शक पिलाच्या अंगात त्याने एक बारीक काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो फिरत्या पेशींनी त्या काट्याला चहूबाजूंनी गराडा घातलेला! आपल्या बोटात बाभळीचा काटा मोडला की तिथे पू होतो. तो पू म्हणजे दुसरे काही नसून लढून पडलेल्या अशाच पेशींचा ढीग होय. या शोधाच्या मानाने मेचनिकॉफला 1908 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पण या भक्षक पेशी म्हणजे गावचे रखवालदार. जो परका दिसेल त्याला त्या धरतात. विशिष्ट चोराचा चेहरा ओळखून जन्मभर ध्यानात ठेवणे हे त्यांचे काम नव्हे. ते काम लसीका पेशींचे. त्यांच्या दोन जाती आहेत, आणि त्यांचा पत्ता लागला तो कोंबडीमुळे आणि उंदरामुळे.

कोंबडीच्या शेपटाकडे, मलद्वाराच्या वर, एक लहानशी पिशवी असते. फॅब्रिशियस या जुन्या शरीरशास्त्रज्ञाचे नाव तिला मिळाले, पण साडेतीनशे वर्षे तिचा उपयोग कोणाला कळला नाही. ब्रूस ग्लिक हा अमेरिकेतील एक विद्यार्थी ती पिशवी काढलेल्या कोंबड्या पाळून होता. त्याच्या एका मित्राला वर्गात प्रयोग दाखविण्यासाठी कोंबड्या हव्या होत्या. त्याने त्यांतल्या काही नेल्या आणि त्यांना जंतू टोचले. प्रयोग फसला. पिशवी नसलेल्या कोंबड्यांच्या रक्तात रोगाविरुद्धची प्रतिद्रव्ये तयारच होईनात! फसलेल्या प्रयोगातून त्या पिशवीचे काम उघड झाले. हा निबंध 1956 साली कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात छापला गेला, म्हणून मोठमोठ्या पंडितांच्या नजरेस तो काही वर्षे पडलाच नाही. प्रतिद्रव्ये घडविणाऱ्या त्या पेशींना आज 'बी' पेशी म्हणतात. त्यातला 'बी' त्या पिशवीच्या इंग्रजी नावातला. गाई-म्हशींना आणि आपल्याला ती पिशवी नाही. आपल्या 'बी' पेशी हाडांतल्या मगजात जन्मतात.

ज्यांचा कोंबड्यांचा धंदा आहे त्यांना गंबोरो रोग माहीत असेल. तो नेमका याच पिशवीचा नाश करतो. पिल्लू त्यातून वाचले तरी पुढे राणीखेतची लस त्याला नीट लागत नाही. लस चांगली असते, पण ती शिकवायची कोणाला? शाळाच जळून गेलेली असते.

दुसरी जात 'टी' पेशींची. छातीत, हृदयाच्या वर, थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी मोठी, वयाबरोबर सुकत जाणारी. ती निरुपयोगी आहे असाच समज होता. 1961 साली जॅक मिलर या शास्त्रज्ञाने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथी काढून दाखविले की, पुढे त्यांना परक्या उंदराची कातडी लावली तरी ती त्यांना परकी वाटत नाही. आपले कोण आणि परके कोण, हे शिकवणारी ती तालीमच आहे. तिथून निघालेल्या 'टी' पेशी रोगट पेशींना मारतात आणि 'बी' पेशींना कामाचा हुकूम देतात. पानथरी, म्हणजे प्लीहा, ही रक्त गाळणारी चौकी; आणि लसीका ग्रंथी या जागोजागच्या छावण्या. असा हा सगळा बंदोबस्त आहे.

आता पुन्हा 2022 कडे वळू. त्या वेळी आपल्याकडे गाई-बैलांना टोचली ती शेळ्यांच्या देवीची लस. पुष्कळांनी विचारले, शेळीचे औषध गाईला कसे चालेल? उत्तर असे की, शेळीच्या देवीचा विषाणू आणि लम्पीचा विषाणू हे चुलतभाऊ आहेत. एकाचा चेहरा ओळखायला शिकलेली पेशी दुसऱ्यालाही ओळखते. गाईच्या देवीवरून माणसाची देवी टाळता येते, हे जेन्नरने 1796 साली दाखविले, ते याच न्यायाने.

दुसरी तक्रार अशी ऐकू येई, 'लस टोचली आणि आठ दिवसांत जनावर पडले. मग लस काय कामाची?' ही तक्रार रागाची असली तरी प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. लस ही ढाल नव्हे. लस हा धडा आहे. तो धडा छावणीत पोचायचा, योग्य पेशी निवडली जायची, तिची एकाची हजारो व्हायची आणि मग प्रतिद्रव्ये रक्तात उतरायची, याला दोन ते तीन आठवडे लागतात. ज्या जनावराच्या अंगात रोग आधीच शिरला होता, त्याला हा अवधी मिळालाच नाही. आग लागल्यावर विहीर खणावी तसे ते झाले. दोष विहिरीचा नव्हता, वेळेचा होता.

वेळेवर दिलेला धडा काय करतो, याचा दाखला बुळकांडी आहे. या रोगाने एके काळी गावेच्या गावे ओस केली. गुरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा 1889 साली पुण्यात निघाली आणि 1893 साली हिमालयातील मुक्तेश्वरला हलली. तिथे एडवर्ड्स यांनी हा विषाणू शेळ्यांमधून पुनःपुन्हा काढून सौम्य केला, आणि त्याची लस झाली. 1954 साली देशभर मोहीम सुरू झाली. भारतात बुळकांडीची शेवटची लागण 1995 सालची. 2011 मध्ये ती जगातूनच नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून गेलेला हा दुसराच रोग. कोट्यवधी मुक्या जनावरांच्या आठवण ठेवणाऱ्या पेशींनी ही लढाई जिंकली.

शेवटी वासराची गोष्ट सांगून संपवितो. माणसाचे मूल जन्मते ते आईची प्रतिद्रव्ये घेऊन. गाईच्या वारेचे थर असे आहेत की त्यातून ती पलीकडे जात नाहीत. वासरू जन्मते ते अगदी निःशस्त्र. त्याची शस्त्रे आईच्या चिकात असतात, आणि ती रक्तात घेण्याची वाट वासराच्या आतड्यात सुमारे चोवीस तासच उघडी असते. तीही दर तासाला अरुंद होत जाते. आणि आपण काय करतो? वार पडेपर्यंत वासराला आचळाला लागू देत नाही. मग वार रात्रभर पडत नाही, आणि सकाळी चीक खरवसाच्या पातेल्यात जातो! खरवस विरजणाशिवाय घट्ट का होतो, ठाऊक आहे? चिकातल्या दाट प्रथिनांमुळे. आणि त्यांत मोठा वाटा याच प्रतिद्रव्यांचा. आपण खातो ती वासराची शस्त्रे असतात.

तेव्हा खरवस सोडा असे मी म्हणत नाही. वऱ्हाडी माणसाला असे सांगून व्यासपीठावरून सुखरूप उतरता येणार नाही. वासराला मात्र वार पडण्याची वाट न पाहता पहिल्या दोन तासांत पोटभर चीक पाजा. पहिल्या दिवसात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका तरी तो पोटात जाऊ द्या. उरेल त्याचा खरवस करा आणि आम्हांलाही बोलवा.

आणि दुसरे मागणे असे की, मृगाला आता फार दिवस नाहीत. पहिल्या पावसाबरोबर घटसर्प आणि फऱ्या येतात, माशा येतात, गोचीड येतात. धड्याला तीन आठवडे लागतात हे आपण आताच पाहिले. तेव्हा या आठवड्यातच गुरांच्या दवाखान्यात जाऊन या. राखण करणारे सैन्य गोठ्यात आहेच. त्याला शत्रूचा चेहरा वेळेवर दाखविणे एवढेच आपल्या हाती आहे.