मागे राहिलेल्यांची गोष्ट

आज एका इंग्रजी सिनेमाविषयी बोलू या. नाव 'बुल डरहॅम', साल १९८८. सिनेमा प्रेमाचा आहे, विनोदी आहे, आणि घडतो बेसबॉलच्या मैदानावर. आपल्या शाळांतल्या मुली सॉफ्टबॉल खेळतात ना, त्याचाच हा थोरला भाऊ.

अमेरिकेत बेसबॉलच्या मोठ्या संघांखाली लहान शहरांतल्या संघांच्या पायऱ्या असतात. तिथले खेळाडू थोड्या पगारावर खेळतात, बसने गावोगाव फिरतात आणि वरून बोलावणं येण्याची वाट बघतात. दिग्दर्शक रॉन शेल्टन स्वतः अशा संघांत खेळले होते. सगळ्यांत वरच्या पायरीवर ते कधी पोचले नाहीत. म्हणून सिनेमातलं सगळं खरं वाटतं.

क्रॅश हा मुरलेला खेळाडू. बारा वर्षं खालच्याच संघांत. वर राहायला मिळालं ते फक्त एकवीस दिवस. त्याला डरहॅमला पाठवतात ते न्यूक नावाच्या पोराला घडवायला. पोराच्या हातात वेग भरपूर, पण चेंडू कुठे जाईल त्याचा नेम नाही! क्रॅशचं तो ऐकत नाही, तेव्हा क्रॅश समोरच्या फलंदाजालाच सांगून टाकतो, आता कसा चेंडू येणार ते. फलंदाज चेंडू मैदानाबाहेर भिरकावतो आणि पोराला अक्कल येते.

तिसरी आहे ॲनी. कॉलेजात शिकवते आणि दर हंगामात एक खेळाडू निवडून त्याला प्रेमही देते, खेळही शिकवते. चेंडू टाकताना कुणाचं अंग कुठे चुकतं, हे तिला बसल्या जागेवरून दिसतं. खेळाडू तिचं ऐकतात, पण संघाच्या कागदावर तिचं नाव नाही.

शेवटी न्यूकला वरून बोलावणं येतं. लगेच क्रॅशला सांगतात, तुझं काम झालं, तू मोकळा. ज्याने पोराला घडवलं त्याला साधा निरोपसमारंभही नाही. पुढे क्रॅश ॲनीच्या दारी येतो. एका लहान संघाला शिकवायची जागा मिळेल का, असा विचार त्याच्या मनात असतो. दोघंही थकलेले, पण खेळ अजून अंगात आहे.

मैत्रिणींनो, असे क्रॅश आणि ॲनी आपल्याकडे कमी आहेत का? धडगावहून पहाटे निघून, चांदसैली घाट उतरून जिल्ह्याच्या स्पर्धेला आलेली खो-खोची पोरगी पुढे कुठे जाते? लग्न होतं, शेत, लेकरं, ऊसतोड. मैदान सुटतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत भारताच्या मुलींनी खो-खोचा विश्वचषक जिंकला. कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. तिचं कौतुक करूच. पण खुंटाला वळसा कसा घ्यायचा, सूर कधी मारायचा, हे आपल्या पाड्यावरच्या एखाद्या वहिनीलाही माहीत असतं. तिला कुणी विचारत नाही, एवढंच.

तर विचारा. संध्याकाळी अर्धा तास तिला पोरींसोबत मैदानावर जाऊ द्या. तेवढ्या वेळात चूल घरातल्या दुसऱ्या कुणी सांभाळली तर काही बिघडत नाही.

आणि हो, सिनेमा मोठ्यांसाठी आहे. लेकरं झोपल्यावर बघा!