परदेशवारीच्या आधी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा जिन्यात भेटलं की पाण्याच्या टँकरची चर्चा व्हायची. आता व्हिसाची होते. मुलं तिकडे आहेत, गुडघे चालताहेत तोवर जाऊन यावं, असं प्रत्येकालाच वाटतं. सेक्रेटरी म्हणाले, तुम्ही बँकेतले, चार देश फिरलेले, दोन गोष्टी सांगा. सांगतो, पण पहिली माझ्या फजितीची आहे.

२०१८ च्या मे महिन्यात आम्ही दोघं ग्रुप टूरबरोबर युरोपला गेलो. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. एजंटचा फोन आला, "काका, बीपी, शुगर काही नाही ना?" बीपीची गोळी मी अकरा वर्षं घेत होतो. पण हप्ता वाढेल, कदाचित विमाच नाकारतील, म्हणून बोलून गेलो, "तसं काही नाही." त्याने ‘नाही’वर खूण केली, मी सही केली. छत्तीस वर्षं काउंटरपलीकडच्या माणसाला ‘वाचल्याशिवाय सही करू नका’ सांगणारा मी!

टिटलिस बघून ल्युसर्नच्या हॉटेलात परतलो आणि रात्री दीडला छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं. हॉटेलवाल्याने अँब्युलन्स बोलावली. (युरोपात ११२ लावा, स्वित्झर्लंडमध्ये अँब्युलन्सचा थेट नंबर १४४. लिहून घ्या.) डॉक्टरांनी विचारलं, गोळी कुठली घेता? मी ब्रँडचं नाव सांगतोय, त्यांना काही बोध होईना. शेवटी सौ.ने पर्समधून पट्टी काढली, त्यावर बारीक अक्षरात ‘अॅमलोडिपिन’ होतं, ते लगेच समजलं. मग म्हणाले, जुना ईसीजी आहे का? तो इथे, कपाटात!

सौ.ने ३०२ मधल्या वहिनींना फोन लावला. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते. आमची किल्ली त्यांच्याकडे असायची. दहा मिनिटांत फाइल काढून त्यांनी फोटो पाठवले. नव्या ईसीजीत जो बदल दिसत होता, तो जुन्यातही होता. डॉक्टरांचा चेहरा सैल झाला, मग आमचा. दोन रात्री देखरेखीखाली ठेवून सोडलं.

बिल झालं साधारण ५ हजार फ्रँक, म्हणजे तेव्हाचे साडेतीन लाखांच्या आसपास. क्लेम नामंजूर, कारण बीपी लपवलं. भांडायला तोंडच नव्हतं, सही माझीच. परतीच्या विमानात सौ. एवढंच म्हणाली, "अहो, फॉर्म भरताना मला तरी विचारायचं. मी खरं सांगितलं असतं."

तेव्हा मंडळी, आजार लिहा. हप्ता वाढला तर वाढू द्या. आणि लिहिला म्हणजे सगळं मिळतं असंही नाही. बऱ्याच पॉलिसींत जुन्या आजाराचा खर्च फक्त जिवावर बेतलं तरच मिळतो, शिवाय वयस्कांसाठी खोलीभाडं, शस्त्रक्रिया यांना वेगळ्या मर्यादा असतात. ते पान आधी वाचा. दाखल व्हायची वेळ आली तर विमा कंपनीच्या हेल्पलाइनला ताबडतोब कळवा. डॉक्टरांची चिठ्ठी, औषधाची मूळ पट्टी हातातल्या बॅगेत. डबीत सुट्या गोळ्या काढून नेऊ नका.

आता बँकेचं थोडं. दुकानात कार्ड सरकवलं की मशीन विचारतं, रुपयांत देणार की युरोत? रुपये बघून आपल्याला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं, पण बटण युरोचंच दाबा. रुपयांचा दर दुकानाकडचं मशीन लावतं आणि तो बहुतेक महागच पडतो. फॉरेक्स कार्ड एक, साधं कार्ड एक, थोडी रोख. आणि तिन्ही एका पाकिटात नकोत.

खाऊच्या बाबतीत आपल्या बायका ऐकत नाहीत (हसू नका, मीही ऐकत नाही). युरोपियन युनियनच्या देशांत दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, तूप घरीच. दुबईला किंवा सिंगापूरला जाणाऱ्यांनी खसखस अजिबात नेऊ नये. तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. अनारशांवर लावलेलीसुद्धा नको. दुबईला तर खोकल्याची कोडीनवाली औषधंही परवानगीशिवाय चालत नाहीत. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. पासपोर्टची मुदत आजच बघा, बरेच देश सहा महिने शिल्लक मागतात.

पासपोर्ट, विमा, ईसीजी यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि एक संच शेजाऱ्याकडे. ३०२ मधल्या वहिनी आता लेकाकडे राहायला गेल्या, आमची किल्ली हल्ली ४०१ कडे असते. फॉर्म भरताना अडलं तर संध्याकाळी सहानंतर माझ्याकडे या. मात्र चष्मा घेऊन या, आणि जोडीने या.