लक्झेंबर्गचा हुकूम आणि पोलंडचं जंगल

युरोपीय संघाचा पर्यावरण कायदा ब्रसेल्समध्ये होतो. तो सदस्य देशात राबवायचा कोणी? मी आज तुम्हाला एका जंगलात घेऊन जातो.

पोलंड आणि बेलारूसच्या सीमेवर बियावोव्हिएझा नावाचं अरण्य आहे. युरोपच्या सपाट प्रदेशात एवढं मोठं आदिम जंगल आता जवळजवळ उरलेलं नाही. युरोपीय बायसन, म्हणजे आपल्या गव्याचा लांबचा भाऊबंद, इथे मोकळा फिरतो. पोलंडमधल्या भागाला संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशाचं संरक्षण आहे.

मार्च २०१६ मध्ये पोलंडचे पर्यावरणमंत्री यान शिश्को यांनी इथल्या एका वनविभागातली दहा वर्षांची तोडीची मर्यादा ६३ हजार घनमीटरवरून १ लाख ८८ हजारांवर नेली. कारण सांगितलं, स्प्रूसच्या सालीखाली शिरून झाड मारणाऱ्या किड्याचं. शिश्को स्वतः वनशास्त्राचे प्राध्यापक होते, त्यामुळे मंत्र्याला जंगलातलं काय कळतं, असं म्हणून सुटता येत नाही. पण निर्देशाच्या संरक्षित यादीतले काही दुर्मिळ भुंगेरे वठलेल्या लाकडातच वाढतात. म्हणजे एका किड्याच्या नावाने कुऱ्हाड चालवायची आणि ज्यांना वाचवण्याचं वचन दिलं त्यांचंच घर उचलून न्यायचं! सरकारच्याच २०१५ च्या आराखड्यात अशी झाडं काढणं हा धोका म्हणून नोंदलेला होता.

आता अडवायचं कोणी? संघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगाकडे ना वनरक्षक, ना पर्यावरणाची तपासणी पथकं. कायदा राबवायचा देशाच्या सरकारने, आणि इथे मोडणारंही तेच. आयोगाला बहुतेक वेळा कळतं ते नागरिकांच्या आणि संस्थांच्या तक्रारींतून. मग नोटीस, खुलासा, पुन्हा नोटीस, आणि शेवटी लक्झेंबर्गमधलं संघाचं न्यायालय. याला किती काळ लागतो? ग्रीसच्या क्रीट बेटावर हानियाजवळ कुरुपितोस नदीच्या घळीत उघड्यावर कचरा टाकला जाई. तक्रार १९८७ ची. १९९२ मध्ये ग्रीस खटला हरला, कचरा पडतच राहिला. जुलै २००० मध्ये दिवसाला २० हजार युरो दंड बसला. सदस्य देशाला झालेला असा हा पहिलाच दंड.

कचरा तेरा वर्षांनी का होईना, उचलता येतो. तोडलेलं अरण्य परत आणता येत नाही. म्हणून जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने अंतिम निकालाची वाट न पाहता तोड थांबवण्याचा अंतरिम हुकूम दिला. त्यात लोकांच्या सुरक्षिततेपुरती एक सवलत होती. पोलंडने ती फट बरोबर हेरली आणि सुरक्षिततेच्या नावाखाली यंत्रं चालू ठेवली. नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने बजावलं: यापुढे हुकूम मोडलात तर दिवसाला किमान १ लाख युरो. अंतरिम हुकमाला दंडाची धमकी जोडण्याची ही पहिली वेळ. यंत्रं बाहेर गेली, जानेवारी २०१८ मध्ये शिश्कोंचं मंत्रिपद गेलं, आणि एप्रिलमध्ये पोलंड खटलाही हरला.

हे जंगल युनेस्कोच्या जागतिक वारशातही आहे. त्याच यादीत २०१२ पासून आपलं कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी आहे. युनेस्को फार तर यादीतून नाव काढेल. दंड करण्याचा अधिकार तिला नाही. त्या मानाने लक्झेंबर्गच्या हाती बरंच आहे.

तरीही फार हुरळून जाऊ नका. मे २०२१ मध्ये याच न्यायालयाने चेक प्रजासत्ताकाच्या तक्रारीवरून पोलंडच्या तुरुव इथल्या लिग्नाइट खाणीचं काम ताबडतोब थांबवायला सांगितलं. सीमेपलीकडच्या गावांचं भूजल आटत होतं. पोलंडने ऐकलं नाही, म्हणून सप्टेंबरमध्ये दिवसाला ५ लाख युरो दंड लागला. पोलंडने तोही भरला नाही. आयोगाने पगारातून कापून घ्यावेत तसे ते पैसे पोलंडला मिळणाऱ्या निधीतून वळते केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये दोन्ही देशांनी तडजोड केली, चेक बाजूला साडेचार कोटी युरो मिळाले आणि खटला मागे घेतला गेला.

जंगलात जो हुकूम चालला, तो खाणीत का चालला नाही? मला वाटतं, उत्तर कायद्यात सापडणार नाही. लाकडासाठी ब्रसेल्सशी भांडण वाढवणं सरकारला परवडणारं नव्हतं. खाणीवर मात्र शेजारचं वीजकेंद्र आणि हजारो नोकऱ्या अवलंबून होत्या, त्यापुढे दंड स्वस्त वाटला. दंडाची रक्कम वसूल झाली. खाणकाम मात्र पोलंडने थांबवलं नाही.