मातींतील सालदार



शेतांत राबणाऱ्या सालदाराला सारा गांव ओळखतो. परंतु त्याच शेतांत पिकाच्या मुळाशीं रात्रंदिवस खपणारे असंख्य सालदार आपण कधीं मोजले नाहींत. हे जंतु डोळ्यांना दिसत नाहींत. चिमूटभर जिवंत मातींत ते कोट्यवधि असतात. पिकाचें मूळ गोड रस पाझरतें, तो हे खातात. आणि बदल्यांत आपल्या चुनखडीच्या काळ्या रानांत अडकलेला स्फुरद मोकळा करून मुळाला देतात. यांत चमत्कार नाहीं, मंत्रहि नाहीं. कामाचा रोख मोबदला आहे.

एक खूण सांगतों. पेरणीनंतर ३५-४० दिवसांनीं सोयाबीनचें एक झाड खुरप्यानें मातीसकट काढा. मुळांवर गांठी दिसतील. तो रोग नव्हे. गांठ नखानें फोडा. आंत गुलाबी-लाल असेल तर सालदार कामावर आहे. हिरवट वा करडी असेल तर बसून आहे. हवेच्या १०० भागांत ७८ भाग नत्र असतें. तेंच हे जंतु पिकाला मिळवून देतात. जर्मनींत हेलरीगेल व विल्फार्थ यांनीं १८८६ सालीं हें प्रयोगानें दाखविलें. कडधान्यामागें ज्वारी जोमदार येते हें आपल्या वाडवडिलांना ठाऊक होतें. कारण मात्र त्यांना कोणी शिकविलें नव्हतें.

आतां या सालदाराला भाकर कोण घालतो? शेणखत व पालापाचोळा ही त्याची भाकर. रानांतला कुजका पाला पावसाबरोबर शेतांत यावा व बांधानें अडावा, हें जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’मध्यें सांगून ठेविलें आहे. आज बैल कमी झाले, उकिरडे आटले. आणि उरलेलें सोयाबीनचें कुटार, वसमतकडचा हळदीचा पाला कित्येक ठिकाणीं आपणच पेटवितों! मग उधारीवर युरिया आणतों. जादा युरिया पडला कीं गांठींतला जंतु काम सोडतो. म्हणजे जें फुकट मिळत होतें, तेंच कर्ज काढून विकत घेतों.

रासायनिक खत वर्ज्य करा, असें आम्ही म्हणत नाहीं. माती तपासून लागेल तेवढेंच द्या. कुटार व शेण थरावर थर रचून, ओल राखून, सावलींत कुजवा. कच्च्या शेणांत हुमणी पोसते. कच्चें कुटार मातींत गाडलें तर जंतु तेथलें नत्र स्वतःच खातात आणि पीक पिवळें पडतें. सोयाबीनच्या बियाण्याला बुरशीनाशक आधीं, रायझोबियम शेवटीं, किलोला २५ ग्रॅम चोळा. सावलींत वाळवून लगेच पेरा. हळदीच्या बेण्याला कंदकुजीसाठीं ट्रायकोडर्मा लावा. अशीं जंतुखतें परभणीच्या कृषि विद्यापीठांत तयार होतात.

पूर्वीं भटजी मुहूर्त विकत असे, आज कोणी चकचकीत बाटली विकतो. दोघांचें भांडवल एकच: आपलें अज्ञान. बाटलीवर जंतूचें नांव व मुदतीची तारीख नसेल तर ती परत करा.

कारागीर बंधूंनो, शेत बसलें कीं सुताराचा रंधा व कुंभाराचें चाकहि बसतें. म्हणून ही विद्या तुमचीहि आहे. उकिरड्याचें काम घरोघर मायबहिणी करतात. खताचा हिशेबहि त्यांच्या हातीं द्या. आणि येत्या खरिपांत प्रत्येक घरानें मुलाबाळांदेखत एक तरी गांठ फोडून पाहावी, मगच युरियाच्या पोत्याला हात घालावा.